कांदेनवमीला फुटलेली पंगत

ही गोष्ट आमच्याच स्टाफरूममधली. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, निपाणी आणि चिकोडीच्या मधे कुठंतरी आहे एवढं पुरे. सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी, शिकवणारे आम्ही आठ जण, मी इतिहास आणि मराठी घेते. बऱ्याच मैत्रिणी विचारतात की एका टेबलावरचे सगळेच्या सगळे शाकाहारी डबा खातात तरी खाण्यावरनं मनं कशी काय दुखावतात. मी त्यावर लांबलचक बोलू शकत नाही, पण आमच्याकडं एक अख्खं वर्ष ते घडलं आणि मी पहिल्यापासून त्यात होते, तर जसं झालं तसं लिहिते, माझ्या चुकीसकट.

आधी माणसं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माळकरी सर गणिताचे. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला रजा मिळत नाही म्हणून कार्तिकीला न चुकता पंढरपूर. मटण-अंडं कधीचंच सुटलंय, आणि आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी कांदा, लसूण, वांगं पण बंद. घरी दोन म्हशी आहेत, त्यामुळं रोज स्टीलचा मोठा डबा भरून घट्ट दही आणणार आणि ते अख्ख्या स्टाफचं. जैन बाई आमच्या भागातल्या शेतकरी जैनांपैकी, दिगंबर. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचा कंद कुठलाच नाही, बिया फार म्हणून वांगं नाही, मध नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. दूध-तूप मात्र चालतं. कन्नड शिकवणाऱ्या अक्का लिंगायत, त्यांना कांदा-लसूण सगळं चालतं पण अंड्याचा वास सुद्धा सहन होत नाही. पीटीचे सर घरी बुधवारी-रविवारी मटण खाणारे, पण शाळेतला डबा कायम शाकाहारीच, सगळ्यांचा मान राखून, आणि हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढं त्यांचं एक वाक्य येणार आहे, त्या एका वाक्यावरनं त्यांना कुणी वाईट समजू नये.

आणि त्या वर्षी जूनमधे विज्ञानाला आलेली अतिथी शिक्षिका. वय २६, आजोळ हुक्केरीकडचं, बेंगळुरूला शिकून आलेली आणि व्हिगन. म्हणजे दूध, दही, तूप, लोणी, मध, जनावराकडनं आलेलं काहीच नाही. हा शब्द तसा नवाच, १९४४ साली इंग्लंडमधे डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी काढलेला, आणि त्यांचा दिवस असतो १ नोव्हेंबरला. आमच्या सीमाभागात १ नोव्हेंबर म्हटलं की कुणाला कर्नाटकाचा राज्योत्सव आठवतो कुणाला मराठी लोकांचा काळा दिन, त्यात हे अजून एक असतं हे आम्हाला तिच्याकडनंच कळलं.

आता बघा, हे सगळे लोक जीव दुखावू नये म्हणूनच काहीतरी सोडून बसलेले. कुणी कांदा सोडला कुणी दूध. आणि दुखावलं कुणाला तर एकमेकांना.

त्या दिवशी काय झालं

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. चातुर्मासात कांदा सोडायचा म्हणून दोन दिवस आधी पोटभर खाऊन घ्यायचा. स्टाफरूममधे दरवर्षी आमची पंगत असते. माळकरी सरांनी घरनं कांदाभजी आणली होती, अक्कांनी जोंधळ्याच्या भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरलं वांगं आणि शेंगा चटणी, जैन बाईंनी स्वतःपुरती कच्च्या केळ्याची भजी वेगळ्या डब्यातनं, विज्ञानाच्या पोरीनं खोबऱ्याच्या दुधातला भात, आणि मी बेळगावहून कुंदा आणला होता कारण माझ्या लेकीचा नंबर लागला होता कॉलेजला.

चूक माझ्यापासनं सुरू झाली. मी कुंदा त्या विज्ञानाच्या पोरीपुढं धरला, ती म्हणाली नको बाई, दुधाचं खात नाही मी. मला माहीत होतं की हे, तरी मी म्हटलं "अगं एवढंसं, आनंदाचं आहे, काय होतंय?" ती परत नको म्हणाली, मी परत धरला. तिसऱ्यांदा मी तो तिच्या ताटात ठेवलाच. आपल्याकडं आग्रह म्हणजे माया असं आपण धरून चालतो, पण ज्या माणसानं मनापासनं एखादी गोष्ट सोडलीय त्याच्या ताटात तीच ठेवणं ही माया नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं नाही.

ती गप्प बसली असती पण नेमकं माळकरी सर दह्याचा डबा घेऊन आले आणि म्हणाले की आमच्या म्हशीचं तरी घ्या, घरचं आहे. आणि तिचा बांध फुटला. "सर, म्हशीला रेडा झाला की त्याचं काय करता हो तुम्ही? त्याच्या तोंडचंच हे." सरांचा चेहरा उतरला. म्हशींना पोरींसारखं वाढवणारा माणूस तो. ते एवढंच म्हणाले की बाई, माझ्या गोठ्यात येऊन बघा एकदा मग बोला. आणि मग सगळेच सुटले. जैन बाई म्हणाल्या की दूध नको म्हणताय आणि कांदा-बटाटा उपटून खाताय, त्यात किती जीव जातात ते नाही दिसत का. अक्का म्हणाल्या एवढे नियम असतील तर घरातच जेवून यावं. कुणीतरी म्हणालं गांधीजी पण शेळीचं दूध पीत होते, ते काय हिंसा करत होते काय. पीटीचे सर म्हणाले "मग गवतच खावा की."

ते हसत म्हणाले, पण ती हसली नाही. डबा उचलून वाचनालयाच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या दिवसापासनं तिथंच जेवायला लागली. जैन बाईंना पण वाटलं की आपल्या वेगळ्या डब्यावर आता लोक बोलतील, त्या खिडकीपाशी जाऊन बसायला लागल्या. सरांनी दही आणायचं बंद केलं. आठवड्याभरात टेबल रिकामं.

हेडसरांनी ऐकलं आणि सांगून टाकलं की उद्यापासनं ज्याचा डबा त्यानं खायचा, वाटावाटी नको, विषय पण नको. कानाला शांत वाटलं, पण मला ते भांडणापेक्षा जास्त टोचत होतं. भांडणात निदान बोलणं तरी असतं.

पोरांनी शिकलं ते

आमच्या शाळेत क्षीरभाग्य योजना आहे, कर्नाटकात २०१३ पासनं चालूय, सकाळी पोरांना गरम दूध, पावडरीचं केलेलं. शिवाय माध्यान्ह आहारात ठरल्या दिवशी अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला तेव्हा केळं नाहीतर शेंगदाणा चिक्की मिळायची. चौथीत एक दिवस मारामारी. एक पोरगा अंडं खाणाऱ्याला म्हणाला माझ्या शेजारी बसायचं नाही, दुसरा म्हणाला चिक्कीवाले भित्रे. मी दोघांना उभं केलं आणि ओरडले की जेवताना कुणी कुणाला लांब बसवत नाही. तर त्यातला एक खाली बघत म्हणाला, "मग त्या विज्ञानाच्या बाईंना तुम्ही सगळ्यांनी का वेगळं बसवलंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी "बसा खाली" म्हटलं आणि वर्गाबाहेर आले.

त्याच दुपारी मी डबा घेऊन वाचनालयाच्या खोलीत गेले. माफी मागितली, कुंद्याची, मोजून तीन वेळा धरल्याची. ती रडलीच. मग मी एकच गोष्ट वेगळी केली, का सोडलंस हे विचारलं नाही. तुला काय आवडतं ते विचारलं. ती म्हणाली शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची गोड पोळी, तूप न लावता. मडकीची, म्हणजे मटकीची, उसळ. अंबाडीची भाजी आणि भाकरी. म्हणजे आमच्याच घरातलं सगळं! तिचं नव्वद टक्के जेवण आमच्यासारखंच होतं आणि आम्ही उरलेल्या दहावरच भांडत बसलो होतो.

कारण तिनं नंतर आपणहून सांगितलं, चारपाच दिवसांनी. लहानपणी आजोळी गोठ्यात झालेल्या रेड्याला पोटभर दूध मिळालं नाही, तो सुकत सुकत गेला आणि म्हैस दोन दिवस हंबरत होती. ती सात वर्षांची होती. सगळीकडं असंच होतं असं ती म्हणत नव्हती, पण ते हंबरणं तिच्या कानात राहिलंय. आणि जे मला जास्त लागलं ते हे की घरी सत्यनारायण असला की ती पंचामृताची पळी हातात घेते, कपाळाला लावते आणि ठेवून देते, तर तिची आई प्रत्येक वेळी रडते. प्रसाद नाकारला म्हणून. म्हणजे घरी पण ती एकटीच आणि आमच्याकडं येऊन पण एकटी.

इतिहासाच्या बाबतीत एक चूक झाली होती ती पण मी दुरुस्त केली. गांधीजींचं नाव कुणीतरी फेकलं होतं ना. आमच्या जिल्ह्यात त्यांचा विषय निघाला की १९२४ चं बेळगाव अधिवेशन येणारच, ते एकमेव काँग्रेस अधिवेशन जिथं ते अध्यक्ष होते, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर अजून आहे, आम्ही पोरांची सहल नेतो तिथं. पण दुधाची गोष्ट कुणी नीट सांगत नाही. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूधच सोडलं होतं, जनावरांवर होणारे अत्याचार ऐकून, आणि पुढं ते व्रत म्हणून पक्कं केलं. १९१८ च्या खेडा सत्याग्रहानंतर ते मरणाच्या दारात होते तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं तर चालेल. त्यांनी घेतलं, जगले, आणि स्वतःच लिहून ठेवलं की व्रताचे शब्द पाळले पण आतला भाव मोडला, ही टोचणी जात नाही. म्हणजे त्या पोरीला गप्प करायला ज्यांचं नाव वापरलं तो माणूस या बाबतीत तिच्या सर्वात जवळ होता. हे मी २ ऑक्टोबरला स्टाफरूममधे सगळ्यांसमोर सांगितलं, कुणाला टोमणा म्हणून नाही, भाषणातच घेतलं. पण तोवर गाडं बरंच रुळावर आलं होतं, ते कसं ते सांगते.

दूध वाटणारी व्हिगन

ऑगस्टमधे सकाळच्या दूधवाटपाची पाळी अतिथी शिक्षिकेवर आली. मला भीती वाटली होती की ही नाही म्हणेल आणि परत वाद. काही बोलली नाही. रोज सकाळी पावडर कालवायची, गाठी राहिल्या तर गाळायच्या, पहिलीच्या पोरांचे पेले अर्धेच भरायचे कारण ती सांडतात, आणि एक आजारी पोर होतं त्याला बसवून प्यायला लावायचं. माळकरी सर व्हरांड्यातनं बघत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाळ, तुला चालतंय हे?" ती म्हणाली, "सर, पोरं उपाशी येतात. माझा नियम माझ्यापुरता आहे."

सर घरी गेले आणि काकूंना म्हणाले की त्या पोरीला चालेल असं काहीतरी उद्या कर. काकूंनी अंबील केली. आमच्याकडं अंबिलीत ताक घालतातच, काकूंनी जोंधळ्याचं पीठ पाण्यात आंबवून शिजवलं, एक तांब्या आधी बाजूला काढला आणि मग बाकीच्यात ताक घातलं. तो तांब्या सरांनी तिच्यापुढं ठेवला आणि फक्त म्हणाले की ताक घालायच्या आधी काढलीय. तिनं विचारलं पण नाही, प्यायली.

हे "आधी काढून ठेवणं" आमच्या सगळ्या प्रकरणातली सर्वात कामाची गोष्ट. नंतर आम्ही सगळ्यांनीच तसं सुरू केलं. भाजी किंवा आमटी आधी तेल, मोहरी, जिरं, हळद, मिरचीवर करायची, त्यातनं जैन बाईंचा आणि पोरीचा वाटा काढायचा, मग उरलेल्याला कांदा-लसणाची वेगळी फोडणी. तूप आणि दही शिजवण्यात नाही, वाटीत बाजूला. बारीकसारीक शिकायला मिळालं ते तर विचारू नका. शेंगदाणा जमिनीखाली येतो पण तो कंद नाही म्हणून जैन बाईंना चालतो. सुकी हळद चालते, ओली नाही. मोड आलेली मडकी त्यांना नको, न मोडाची चालते. एण्णेगायीचा मसाला तोच ठेवून, फक्त लसूण काढून, अक्कांनी वांग्याऐवजी दोडक्यात भरला आणि मला तर तो जास्त आवडला. पोरगी गुळाचं विचारत होती की त्यात जनावराचं काही पडतं का, तर सरांनी त्यांच्या भागातल्या गुऱ्हाळाचं सांगितलं, रस उकळताना मळी वर काढायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात. तिनं वहीत लिहून घेतलं.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथं पुरत नाही हे पण कळलं. तो ठिपका दुधाच्या बिस्किटावर पण असतो आणि बटाट्याच्या चिप्सवर पण. व्हिगनसाठी सरकारनं २०२२ पासनं वेगळं चिन्ह केलंय, पण आमच्या गावच्या दुकानात ते कुठं दिसायला. शेवटी माणसाला विचारावंच लागतं, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

जैन बाईंचं आणि तिचं मात्र बोलणं नव्हतंच. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं, अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणी असते, जैन लोक एकमेकांना "उत्तम क्षमा" म्हणतात. बाई सकाळी शाळेत आल्या, पर्स पण ठेवली नाही, सरळ तिच्यापुढं जाऊन हात जोडले. म्हणाल्या, कांदेनवमीला मी जीव मोजत बसले, तुझा जीव दुखला ते मोजलं नाही. स्टाफरूममधे कुणी हललं नाही. वीस वर्षांनी मोठी बाई हात जोडतेय म्हणून पोरगी घाबरून पाया पडायला लागली, बाईंनी पडू दिलं नाही. पीटीच्या सरांनी त्यानंतर पंधरा दिवसांनी "गवता"चं सॉरी म्हटलं, तसं ओझरतंच, व्हॉलीबॉलची जाळी बांधता बांधता. तिनं पण ते तसंच घेतलं.

गोळीचं प्रकरण

दिवाळीनंतर तिच्या हातापायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी १२ कमी. शाळेत कळलं तेव्हा एकदोघांच्या तोंडावर "बघा, दूध सोडल्यावर हेच होतं" असं आलंच, आणि बरोबर पण आहे अर्धं, बी १२ झाडपाल्यातनं भरवशानं मिळत नाही, ते जिवाणू तयार करतात, व्हिगन माणसानं गोळी किंवा ते मिसळलेलं अन्न घ्यावंच लागतं आणि तिनं दोन वर्षं टाळाटाळ केली होती. ते मी तिला स्पष्ट सांगितलं, दयाळूपणा म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण त्याच आठवड्यात अक्कांना चक्कर आली म्हणून त्यांचं पण तपासलं तर रोज दही-ताक घेणाऱ्या अक्कांचं पण कमीच. आपल्याकडच्या शाकाहारी लोकांत हे बरंच सापडतं, दूध थोडंथोडकं घेतलं तर पुरत नाही. मग दोघींची एकच गोळी सुरू झाली. बहुतेक कॅप्सूलच्या टोपणात जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासनं, म्हणून अक्का, सर, जैन बाई आणि पोरगी, चौघंही पहिल्यांदाच एका बाजूला आले आणि मेडिकलवाल्याकडनं साधी गोळी मागून घेतली. आता मधल्या सुट्टीत अक्का तिला विचारतात, "ऊटा आत?", म्हणजे जेवण झालं का, आणि "गोळी घेतलीस?"

शेतातलं जेवण

एळ्ळ अमावस्या म्हणजे शेताची पूजा करून शेतातच जेवायचा दिवस, त्या दिवशी माळकरी सरांनी सगळ्यांना शेतात बोलावलं. जेवण संध्याकाळचं असतं तर जैन बाईंना जमलं नसतं म्हणून दुपारीच पानं मांडली, त्यांना न सांगता. सज्जाच्या म्हणजे बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, भरलेला दोडका, शेंगा होळगी, कारळाची चटणी, अंबाडी. दहीभात पण होता, तो पंगतीच्या एका टोकाला. लपवलेला नव्हता, पुढ्यात पण नव्हता. शेताला चरग म्हणजे जेवणाचा नैवेद्य शिंपडून झाल्यावर सगळे बसलो, आणि कुणी कुणाच्या ताटाकडं बघितलं नाही असं म्हणणार नाही मी, बघितलं, पण वाढायला काय कमी आहे ते बघायला.

जेवण झाल्यावर ती गोठ्याकडं गेली. तिथं त्या पावसाळ्यात झालेला एक रेडा होता, सरांनी विकला नव्हता. का ते मी विचारलं नाही. ती त्याच्या गळ्याखाली खाजवत बराच वेळ बसली. दुधाच्या बाबतीत दोघांचं अजून जमत नाही. सर म्हणतात माया लावून काढलेलं दूध पाप नाही, ती म्हणते रेड्यांचं काय ते आधी सांगा, आणि दोघंही आपापल्या जागी पक्के आहेत, मला वाटतं राहतील पण. दही परत येतं, टेबलाच्या त्या टोकाला असतं.

यंदा जूनमधे इंग्रजीला नवीन सर आलेत. मटण खात नाहीत, अंडं खातात. पहिल्या दिवशी डबा घेऊन दारातच उभे, म्हणाले माझ्यात अंड्याची पोळी आहे, मी बाहेर बसतो. अक्कांना तर वास पण चालत नाही. अक्का उठल्या, वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडली, तिथली खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "हिकडं बसा की सर."